एकशे बारावी ओळ

दवाखान्याच्या वेबसाइटवर रुग्णांनी भेटीची वेळ मागायचा फॉर्म होता. तो चालवणारी, पर्ल भाषेत लिहिलेली जुनाट स्क्रिप्ट प्रोग्रामरच्या गळ्यात पडली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याने तिच्यात एक ओळ घातली, शेवटचा अर्धविराम विसरला आणि फॉर्म बंद पडला. 'एकशे बाराव्या ओळीत चूक,' मशीन म्हणालं. चूक होती एकशे अकरावीत, त्याने घातलेल्या ओळीत. पण पर्लची रीतच मेली चोर सोडून संन्याशाला फाशी! साहेब डोक्यावर बसलेले. त्याने एकशे बारावीपुढे # लावून तिचं तोंड बंद केलं; पुढे # असलेली ओळ मशीन वाचतच नाही. फॉर्म चालू झाला. 'अर्ज मिळाला, आम्ही बोलावू,' असं पानही उमटलं.

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तीन आठवडे एकही अर्ज कसा नाही हो?"

त्याने एकशे बारावी ओळ उघडून पाहिली. अर्ज साठवणारी ओळ तीच होती.

'रांगेत कशाला, फॉर्म भर,' असं मावशीला त्यानेच सांगितलं होतं, फॉर्म चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याने तिला फोन लावला.

"भरला ना, त्याच दिवशी," मावशी म्हणाली. "गाठ जरा वाढलीय रे. पण मिळाला म्हणालेत ना? म्हणून थांबलेय."