बातमाने सांगितलेलं माप

आमच्या गावात फोन लागतो तो फक्त माझ्या दुकानाच्या पायरीवर. त्यामुळे कुणाची घोडी व्याली, कुणाच्या नवऱ्याने मॉस्कोत दुसरं बिऱ्हाड केलं, सगळं मला आधी कळतं. मी मुद्दाम ऐकत नाही हो! पण कान काय कापून ठेवू?

त्या दिवशी पायरीवर आम्ही चार-पाच जणी होतो, तेवढ्यात बातमा आली. तिची सून मीरिम, तिचे दिवस भरत आले होते. खिंडीत बर्फ पडायला लागलं होतं, आणि रस्ता बंद झाला की पलीकडचं इस्पितळ असून नसल्यासारखंच. पोर मोठं असेल तर मीरिमला लगेच हलवायचं, बेताचं असेल तर घरीच बाळंत करायचं, एवढंच ठरवायचं होतं.

सुईण तुर्सुन राहते शेजारच्या गावात. पोटातलं दाखवणारं यंत्र इथे कुठलं! तिचा हिशोब टेपचा. बेंबीवरून पोटाचा घेर, खालच्या हाडापासून पोटाची उंची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, त्यांचा गुणाकार केला की झालं बाळाचं वजन ग्रॅममध्ये. बातमा घरून मोजून आली होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"घेर किती, एजे?" तुर्सुनने विचारलं. मोठ्या बाईला आम्ही एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

बातमाने एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "नव्वद."

"आणि उंची?"

"बत्तीस."

"म्हणजे तीन किलोसुद्धा नाही. नीट मोजलंस ना?"

"मी काय आंधळी आहे का गं? मांजराचं पिल्लू आहे नुसतं."

"मग राहू दे घरीच. कळा आल्या की कळव."

मला राहवलं नाही. "बातमा, सून दारातून तिरकी होऊन निघते, आणि म्हणे मांजराचं पिल्लू!"

बायका खिदळल्या. बातमा भडकली. "जीभ आवर तुझी!" आमच्या दिशेने तीनदा थू-थू करून ती तरातरा निघून गेली.

तिचंही चुकलं नव्हतं म्हणा. सुनेच्या पहिल्या खेपेला ती याच पायरीवर 'आमच्याकडे पैलवान येतोय' म्हणत मिरवली होती. ते पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं. कुणाची तरी नजर लागली, हे तेव्हापासून तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. पण सुईणीला तरी ती खरं सांगेल असंच मी धरून चालले.

मीरिमला कळा सुरू झाल्या तेव्हा खिंड बंद होती. तुर्सुन घोड्यावरून आली. पाणी तापवायला मीही गेले. डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. तुर्सुन घामाने निथळत होती, "पाय वर धरा, अजून वर!" म्हणून आमच्यावर ओरडत होती. मीरिमचं ते किंचाळणं देवाने वैऱ्यालाही ऐकवू नये. मुलगा शेवटी निघाला तो निळा पडलेला. तुर्सुनने तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, छाती दाबली, पुन्हा फुंकलं. तो काही रडला नाही.

तिने त्याला तागडीच्या झोळीत ठेवलं. काटा बघितला, बाळ उचलून पुन्हा ठेवलं.

"साडेचार किलोला थोडंच कमी. एजे, तू मोजलं होतंस किती?"

बातमा भिंतीला टेकून खाली बसली. "घेर एकशे बारा. उंची एकोणचाळीस." मग हळूच म्हणाली, "सगळ्या ऐकत होत्या गं. मोठा आकडा कसा बोलू?"

"मला खरं सांगितलं असतंस तर त्याच दिवशी खिंडीपार पाठवली असती तिला," तुर्सुन म्हणाली. "पोट कापून जिवंत काढला असता." आणि ती हात धुवायला उठली. मला बातमाचा संताप आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी शेजारणी भेटायला आल्या. मी चहा देत होते. एकीने विचारलं, "कसा होता गं पोरगा?"

"लहानसा होता," बातमा म्हणाली. "एवढासा."

पडद्यामागून मीरिम सासूवर ओरडली, "नीट सांगा, एने! आता कुणाची नजर लागायची राहिलीय त्याला?"