उसवलेले टाके

मला चुका शोधण्याचा पगार मिळतो. इथं आखातात, मुशैरिब भागातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी ड्रॉइंग तपासते, आणि दीड मिलिमीटरचा फरकसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही. घरी आल्यावर ही नजर पर्सबरोबर खुंटीला टांगून ठेवत जा, असं माझा नवरा सदानंद म्हणतो. हसत म्हणतो, पण म्हणतो.

गेल्या नोव्हेंबरात सदानंदची आई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आली. कराडजवळच्या खेड्यातून थेट फरीज बिन ओमरान वस्तीतल्या चौथ्या मजल्यावर. काचबिंदूनं सासूबाईंचा एक डोळा गेलेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. तो पुरता जायच्या आत त्यांना आमच्या ओवीसाठी एक वाकळ शिवायची होती. आम्ही पुण्याकडचे गोधडी म्हणतो, वस्तू तीच.

“पोरीला माजं बोलणं कळतं, पर बोलती ती विंग्रजी,” त्या म्हणाल्या. “माज्या हातचं कायतरी तिच्या अंगावर असू दे. जुनी लुगडी काढ बगू.”

आमच्या घरात लुगडं कुठून येणार! जुनं झालं की टाकायचं, हा आखातातला शिरस्ता. दर दोन वर्षांनी घर बदलायचं आणि विमानात सामान न्यायचं तीस किलो, मग आठवणी किती जपणार? शेवटी बिल्डिंगखाली जैतूनआपांचं शिवणाचं दुकान आहे, तिथून मी चिंध्यांची भली मोठी पिशवी आणली. “ले जाओ, अम्मा का दिल बहलेगा,” आपा म्हणाल्या. हिरवं साटीन, जांभळं जॉर्जेट, शाळेच्या गणवेशाचे चौकडे, कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याची सोनेरी किनार. सासूबाईंनी एकेक तुकडा गालाला लावून पाहिला.

“समदं कोरं. कुणाच्या अंगाचा वास न्हाई ह्याला,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, “असू दे. आपुन वापरून वापरून मऊ करू.”

जुन्या चादरीवर तुकडे मांडून झाले, दोऱ्यानं टाचून झाले. आता कडेकडेनं आत येत टाक्यांचे फेर घालायचे होते. तेव्हा त्यांनी मला हाक मारली. “मृणाल, वाकळ एकटीनं शिवू ने. समोर कुणीतरी लागतं. बस की गं घटकाभर.”

“उद्या बसते हं, आई.”

मला घटकाभर कुठला? ऑफिस तीनला सुटायचं. मग स्वयंपाक, ओवीचं गणित, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाची तयारी. त्या रोज विचारायच्या आणि मी रोज उद्यावर ढकलायची. आठ-दहा दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं आणि एकटीनंच शिवायला घेतलं. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ओवी शाळेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवायची. सासूबाई सकाळभर ओवीच्या खोलीत, खिडकीखाली फरशीवर बसून एक फेर पुरा करायच्या. पहिल्या दिवशी दुपारी ऑफिसातून आल्यावर मी तो फेर बघितला आणि कपाळाला हात लावला. एक टाका तांदळाएवढा, तर दुसरा बोटभर लांब. कोंबडीनं उकिरडा विस्कटावा तशी ती ओळ गेली होती. हे ओवीच्या मैत्रिणी बघणार, मंडळातल्या बायका हातात घेऊन बघणार. आजीची आठवण म्हणून आयुष्यभर राहायची वस्तू, ती नीट नको? असं मी मनाला समजावलं. मनाला काय, आपण समजावू तसं समजतं.

त्याच दुपारपासून मी सुरुवात केली. दुपारी चार ते पाच सासूबाई ओवीच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. मी खाली, पलंगाला टेकून बसायची. गोधडी मांडीवर ओढून नखं कापायच्या कात्रीनं सकाळच्या फेरातला एकेक टाका उसवायचा आणि त्याच रंगाच्या दोऱ्यानं पुन्हा घालायचा, मोजून मापून. ओवी दारातून डोकावली तर मी ओठांवर बोट ठेवायची. ज्या बाईला घटकाभर वेळ नव्हता, तिला रोज तासभर मिळत होता. तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही. दीड मिलिमीटर मात्र आला असता.

सकाळी सासूबाई कालच्या फेरावरून बोट फिरवायच्या. “कालचा फेर लई सरळ पडला की गं.”

“हात बसला तुमचा, आई,” मी म्हणायची, आणि स्वतःचीच पाठ थोपटून घ्यायची. त्यांना आनंद, ओवीला चांगली गोधडी आणि माझ्या डोळ्याला शांतता. कुणाचं काय बिघडलं?

जानेवारीत मात्र अती झालं. टाके पार आडवेतिडवे पडायला लागले. ओळ सोडून भलतीकडेच जायचे, माघारी वळायचे, मध्येच गाठ मारलेली असायची. तासाचा दीड तास व्हायला लागला, पाचचा चहा साडेपाचला गेला. “आईंचा दुसराही डोळा गेला वाटतं,” मी सदानंदला म्हटलं. तो घाबरून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नोव्हेंबरात होता तसाच आहे, काही फरक नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय, टाके मी बघते.

फेब्रुवारीच्या शेवटी गोधडी पुरी झाली आणि व्हिसाही संपला. विमानतळावर सासूबाईंनी माझा हात हातात घेतला, बोटांची पेरं चाचपली. सुई टोचून टोचून ती खरखरीत झाली होती. मी “औषधं वेळेवर घ्या,” एवढंच म्हटलं.

सहा आठवड्यांनी गावाकडून फोन आला. सासूबाई झोपेतच गेल्या होत्या. सदानंद मिळेल त्या विमानानं निघाला. ओवीची परीक्षा होती म्हणून आम्ही दोघी इथंच राहिलो.

तिसऱ्या दिवशी ओवी शाळेत असताना मी ती गोधडी खिडकीशी नेली आणि उलटसुलट करून बघायला लागले. मला त्यांचा एक टाका हवा होता. एखादा तरी निसटला असेल, कोपऱ्यात, किनारीखाली, कुठेतरी. मी कडेपासून मध्यापर्यंत प्रत्येक फेर बोटानं तपासला. सगळे टाके सारखे, सगळे सरळ, सगळे माझे. एकही सुटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या कामाची किळस आली. त्यांना नातीच्या अंगावर स्वतःच्या हातचं काहीतरी हवं होतं, आणि मी ते कात्रीनं कापून केराच्या डब्यात टाकलं होतं, रोज थोडं थोडं.

ओवी घरी आली तेव्हा मी तिथंच बसलेली होते. अकरा वर्षांची पोर, दप्तर टाकून माझ्याशेजारी बसली आणि गोधडी दोघींच्या पायांवर ओढून घेतली. मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, ह्यात आजीचं काही नाही गं. मी सगळं उसवलं. मला माफ कर.

“आय नो, मम्मा,” ती म्हणाली.

तिनं मला रोज बघितलंच होतं. मी डोळे पुसले. “आजीला सांगितलं नाहीस ना तू?”

ओवीनं नाही अशी मान हलवली. मग तिच्या इंग्रजीत हळूहळू सांगितलं, की सांगायची गरजच नव्हती. आजी दुपारी झोपायचीच नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून असायची. पहिल्या दिवशीच तिला कात्रीचा आवाज आला होता. ओवीनं तिला विचारलंही होतं, आजी, तू मम्माला थांबवत का नाहीस?

“मग? काय म्हणाली?”

माझी इंग्रजी बोलणारी पोर अस्सल कराडच्या हेलात, आजीच्याच आवाजात बोलली.

“‘थांबवू कशाला? वाईच वाकडं घातलं की जास्त येळ बसती माज्यापाशी.’”