फुकटचा बर्फ

मित्रांनो, एखाद्या लहान दवाखान्याच्या मागच्या खोलीत घरघरणारा फ्रिज तुम्ही पाहिला असेल, तर तो माझाच भाऊबंद. आमच्या पोटात खाऊ नसतो, लशी असतात.

मी परदेशी मदतीतून आलो. दूरच्या एका देशाने इथल्या आरोग्य कार्यक्रमाला हात दिला होता. पांढराशुभ्र मी उतरलो, तेव्हा लोकांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतले. माझ्याआधी इथे एक गंजका फ्रिज होता. तो बिघडला की समोरच्या दुकानातले मिस्त्री पान्हा घेऊन येत, आणि तोवर कोपऱ्यावरच्या कारखान्यातल्या बर्फावर लशी तगत.

सिस्टर पहिल्याच दिवशी कार्यक्रमाच्या साहेबांना म्हणाल्या, "दुरुस्तीचं काम मिस्त्रींनाच द्या. बर्फही इथलाच घ्या."

साहेब भला माणूस. हसून म्हणाले, "अहो सिस्टर, सगळं आम्ही आणतो ना. इथल्या कुणावर भार नको."

त्यांनी बर्फाचे यंत्र आणले. उरलेला बर्फ मागेल त्याला फुकट मिळू लागला. फुकटापुढे कारखाना किती टिकणार? वर्षभरात त्याला कुलूप लागले. मिस्त्रींना दुकानाच्या तिप्पट पगारावर कार्यक्रमाची गाडी चालवायला ठेवले.

"आणि दुकान हो?" सिस्टरनी मिस्त्रींना विचारले.

"दुकानानं पोरीची फी भरली असती का, ताई?"

त्यांचे तरी काय चुकले?

नऊ वर्षे मी मान ताठ ठेवून उभा होतो. मग तिकडून मदत थांबली. साहेब गेले, यंत्र गेले, मिस्त्रीही कामासाठी परगावी गेले.

आज सकाळी माझ्या पोटात खडखडले आणि सगळे शांत झाले. पलीकडच्या वस्तीत गोवर निघाला आहे. सिस्टरनी मिस्त्रींना फोन लावला, मला बंद करून पुन्हा चालू केले आणि माझी नुसती टकटक ऐकवायला फोन माझ्या पाठीशी धरला.

"कॉम्प्रेसर गेला, ताई. मी असतो तरी काय करणार? हत्यारं कधीच विकली. लशी बर्फात ठेवा."

"कुठल्या बर्फात, मिस्त्री?"



मित्रांनो, मदत वाईट नसते. मी कित्येक मुलांच्या उपयोगी पडलो. पण तुमच्या दारी माझ्यासारखा कुणी आला, तर आधीपासून राबणाऱ्या हातांना घरी बसवू नका. त्यांनाही आमच्या कामात घ्या. आम्ही कधीतरी बंद पडणारच.

सिस्टरनी बाहेरचे दार सताड उघडले. बाकांवर पोरांना घेऊन चौदा आया बसल्या होत्या.

"लस गार आहे तोवर देते. भराभरा या."

मागची एक उठली. "सिस्टर, धाकटी घरी झोपलीय. दुपारी आणली तर चालेल?"

"दुपारी नाही गं. आत्ता. पळ!"

ती पळाली. तिचे घर वस्तीच्या पार टोकाला आहे, आणि मी आतून कोमट होत चाललो आहे.