सात नंबरचा कोपरा

“काका, अजून चार दिवस घरी थांबला असतात तरी चाललं असतं,” सुपरवायझर म्हणाला आणि म्हणता म्हणता फोर्कलिफ्टची चावी त्याने भोंगाकाकांच्या हातावर ठेवली. दोन्ही गोष्टी तो मनापासून करत होता.

“घरी काय करू?” काका म्हणाले.

सुपरवायझरने रोजच्या तपासणीचा कागद पुढे केला.

काकांची बायको आठ दिवसांपूर्वी वारली. सोमवारी डोकं दुखतंय म्हणाली, मंगळवारी नव्हती. काका कामावर परत आले तो पहिला दिवस, त्यामुळे सकाळपासून गोदामातला एकेक जण येऊन काहीतरी बोलून जात होता. माल उतरवणाऱ्यांपैकी एकाने खांद्यावर हात ठेवला आणि तो कधी काढायचा हे न कळल्यामुळे बराच वेळ तसाच उभा राहिला. कुणी म्हणालं, “फार वाईट झालं.” काका म्हणाले, “हो ना.” कुणी म्हणालं, “आता तब्येतीला जपा.” “हो ना.” वॉचमनने विचारलं, “गेटातून येताना नवीन पाटी बघितलीत का?” “हो ना.” पाटी नवीन नव्हती, जुनीच पुसलेली होती, पण ‘हो ना’ कुठेही चालतं, हे काकांना त्या आठ दिवसांत कळलं होतं.

त्यांनी कागद घेतला आणि गाडीभोवती फेरी मारली. चौदा चौकटी. माल उचलायचे काटे सरळ आहेत का, साखळी सैल नाही ना, बॅटरी भरली आहे का, ब्रेक, पट्टा, चाकं. बहुतेक ड्रायव्हर या चौदा चौकटी चहा पिता पिता एका दमात भरतात. गाडी कुठे उभी आहे हे त्यांना नंतर शोधावं लागतं. काका प्रत्येक गोष्टीला हात लावून मगच टिक करत. शेवटची चौकट हॉर्नची. त्यांनी बटण दाबलं. पों! आत ऑफिसात दोघांनी कप खाली ठेवले आणि कॉम्प्युटर सुरू केले. गेली सव्वीस वर्षं त्या गोदामाची सकाळ अशीच व्हायची.

भोंगा हे नाव त्या हॉर्नमुळेच पडलं होतं. ही गाडी विजेवर चालते. धूर नाही, आवाज नाही, म्हणून बंद छपराखाली चालवता येते. आणि आवाज नाही म्हणूनच ती जपून चालवावी लागते. डिझेलची गाडी लांबूनच माणसाला शिव्या देत येते. ही मांजरीच्या पावलांनी येते, फक्त मांजर साडेतीन टनांची. तेव्हा काकांचे नेम ठरलेले. चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर. माल उंच असेल आणि पुढचं दिसत नसेल, तर मान वळवून गाडी मागेमागे न्यायची. उचललेल्या काट्यांखाली कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. एकदा मालकांचे जावई फोटो काढायला तिथे उभे राहिले. काकांनी गाडी बंद केली, चावी खिशात टाकली आणि हाताची घडी घालून बसून राहिले. जावईबापू निघून गेल्यावरच माल खाली आला. आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबायचं, हॉर्न द्यायचा, मनात दोन अंक मोजायचे, मग पुढे. रविवारी गोदाम रिकामं असलं तरी.

ही खोड घरीही शिरली होती. काकांच्या स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायला एक बोळकांडी होती, मध्ये काटकोनात वळलेली. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्या वळणावर बायको चहाचे कप घेऊन येत होती आणि काका तिकडे चालले होते. चहा दोघांच्याही अंगावर. दुसऱ्या दिवसापासून काका वळणाशी थांबून तोंडाने म्हणत, “पों.” पलीकडून बायको म्हणे, “या, मोकळं आहे.” नाहीतर, “थांबा, हातात गरम आहे.” मुलगी मोठी झाल्यावर हसायची. “बाबा, घरात माणसं तीन. अपघात करणार कुणाशी?” बायको म्हणायची, “अगं, अपघाताला दोघं पुरतात.” पुढे मुलगी लग्न होऊन गेली आणि खरोखर दोघंच उरली, पण पों चालूच राहिलं. बायको कधी रागावलेली असली तर ‘या’ म्हणायची नाही, नुसती बांगडी वाजवायची. तेवढ्यावर काका समजायचे, की रस्ता मोकळा आहे आणि हवामान खराब आहे.

सव्वाअकराच्या सुमारास काका कपडे धुण्याच्या पावडरीची खोकी घेऊन सात नंबरच्या रांगेतून निघाले. माल खांद्याइतकाही नव्हता, पुढचं स्पष्ट दिसत होतं, काटे वीतभर वर, वेग माणसाच्या चालीचा. सगळं कागदावर असतं तसं.

त्याच वेळी पलीकडच्या रांगेतून स्कॅनरबाई येत होती. मालावरचे शिक्के स्कॅनरने वाचून हिशोब जुळवायचा, हे तिचं काम. अकरा वर्षं ती मान खाली घालून, डोळे स्कॅनरच्या काचेवर ठेवून गोदामभर फिरत होती. प्रत्येक कोपऱ्यावर गोल आरसा लावलेला होता आणि त्यात बघूनच वळायचं असा नियमही होता. पण ती म्हणायची, “आरशाचं काय घेऊन बसलात! आरसा पुसावा लागतो. काका आपले आपण वाजतात.” काका असेपर्यंत तिचं काही चुकीचंही नव्हतं.

सात नंबरच्या कोपऱ्यावर काका थांबले नाहीत. हॉर्न दिला नाही. दोन मोजले नाहीत. वळले.

ब्रेक मात्र लागला. सव्वीस वर्षांचा पाय होता तो. काटे बाईच्या पायापासून हातभर अंतरावर थांबले. ती मागे कोलमडली, कोपर खरचटलं, स्कॅनर उडून चाकाखाली गेला आणि वरचं एक खोकं घसरून तिच्या शेजारी फुटलं. पावडरीचा ढग उठला. तो बसला तेव्हा बाई डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन लादीवर बसली होती आणि शिंकत होती.

काका उतरले. उतरण्याआधी त्यांनी काटे खाली टेकवले, हँडब्रेक ओढला आणि चावी काढली.

“लागलं का गं?”

“नाही काका… आक्छी! तुमचा हॉर्न… आक्छी!”

ऑफिसात तिघं बसले. सुपरवायझरने अपघाताचा फॉर्म काढला. बाई मध्येमध्ये शिंकत होती आणि प्रत्येक शिंकेला टेबलावर थोडी पावडर पडत होती.

“साहेब, चूक माझीच,” ती म्हणाली. “मी आरशात बघितलं नाही.”

“तू गप बस. पायी चालणाऱ्याची चूक लिहायला या फॉर्मात जागाच नाही.” सुपरवायझरने फॉर्म उलटसुलट करून बघितला. “दोनच चौकटी आहेत. गाडीतला दोष किंवा चालकाची चूक.” मग तो काकांकडे न बघता म्हणाला, “मी काय म्हणतो, हॉर्न बंद पडला होता असं लिहू. गाडी दोन दिवस दुरुस्तीला जाईल, परत येईल, आणि तुम्ही आपले पुन्हा गाडीवर. चालकाची चूक लिहिली तर परवाना जमा करावा लागेल. वरून तसा आदेशच आहे. मग रिटायर होईपर्यंत खोक्यांना टेप लावायच्या टेबलावर. किती राहिलीत तुमची?”

“पावणेदोन वर्षं.”

“मग? हॉर्न बंद होता ना?”

काका उठले. सावकाश चालत कोपऱ्यावर गेले. गाडीत बसले, पट्टा बांधला, चावी फिरवली. पों!

परत येऊन खुर्चीत बसले. “वाजतोय,” म्हणाले.

“अहो काका, आता वाजतोय हो. तेव्हा वाजला नसेल.”

“सकाळी मी टिक केलीय. गाडीवर आळ नको घेऊ. बिचारीला एवढं एकच बोलता येतं.”

“तुम्ही पण ना!” सुपरवायझरने पेन आपटलं. त्याला खरंच राग आला होता. भलं करायला निघालेल्या माणसाला येतो तसा. “मग सांगा आता. थांबला का नाहीत? हॉर्न का दिला नाही? सव्वीस वर्षांत एकदा चुकला नाहीत, आजच काय झालं?”

काकांनी विचार केला. गेले आठ दिवस ते घरात होते. पहिल्या दिवशी वळणाशी थांबून ते पों म्हणाले होते आणि उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी नुसते थांबले. मग थांबणंही सुटलं. यात त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. तसं पाहिलं तर कशातच काही वाटत नव्हतं.

“पलीकडे कुणी असेल, असं वाटलंच नाही,” ते म्हणाले.

बाई शिंकायची थांबली.

सुपरवायझरने पेन उचललं. ‘कारण’ या शब्दापुढची जागा बोटभर लांब होती. त्यात ते वाक्य मावलं नसतं. त्याने थोडा वेळ जागेकडे बघितलं आणि ‘दुर्लक्ष’ असं लिहिलं.

“चालेल?”

“हो ना,” काका म्हणाले.

मग त्यांनी गाडी बॅटरीच्या खोलीत नेली. वाटेत तीन कोपरे लागले. तिन्ही ठिकाणी ते थांबले, हॉर्न दिला, दोन मोजले. गाडी चार्जिंगला लावली, वायर नीट बसली आहे ना हे हात लावून पाहिलं, आणि परवान्याचं कार्ड चावीसकट सुपरवायझरच्या हातावर ठेवलं.

टेपच्या टेबलावरचं काम कठीण नव्हतं. खोकं पुढे येतं, टेप ओढायची, कापायची, खोकं पुढे जातं. चौथ्या दिवशी काका पाणी प्यायला निघाले. सात नंबरच्या कोपऱ्यावर नकळत पाय थांबले. पलीकडेही कुणीतरी थांबलं होतं. स्कॅनरबाई आता कोपऱ्यावर थांबते, आरशात बघते, आणि तरीही कान देते.

“काका, तुम्ही आहात का?”

“हो ना.”

“मग पों म्हणा की! अहो, नवीन ड्रायव्हर मुक्यासारखा येतो. जीव मुठीत धरून चालावं लागतंय.”

काकांनी बाजूला सरून तिला वाट दिली. ती बाजूने गेली तेव्हा तिच्या स्कॅनरच्या पट्ट्याला अजून पावडरीचा वास येत होता.

संध्याकाळी त्यांनी चहा केला. सवयीने दोन कप झाला. एक ओतला, उरलेला भांड्यात झाकून ठेवला आणि कप घेऊन निघाले. वळणाशी आले आणि उभे राहिले.

“पों,” काका म्हणाले.

मनात दोन मोजले. मग कप जरा जवळ धरून, वळून, बाहेरच्या खोलीत आले. रस्ता मोकळा होता.