ए विंगच का जिंकते?

मुलुंडच्या त्या सोसायटीत गणपतीत हाउजी व्हायची आणि आकडे पुकारायचे ते चंद्रप्रकाश राणेच. ‘अकरा, दोन अगरबत्त्या’ असं त्यांनी म्हटलं की पोरंटोरं खिदळायची. एरवी ऑफिसात ज्याला कोणी हिंग लावूनही विचारत नाही, तो माणूस गणपतीत राजा असायचा. यंदा मात्र बी विंगच्या समीक्षाताईंनी उचल खाल्ली. फुल हाउस, म्हणजे पूर्ण तिकिटाचं बक्षीस, ए विंगलाच लागतं, राणे ए विंगचे, तेव्हा पुकारणारा बदला. रविवारच्या खेळाआधी काय ते ठरणार होतं. राण्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

त्यांची लेक श्रुतिका बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. वर्गात नुकतीच, आकड्यांतला फरक नुसत्या नशिबाचा की नाही ते तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी शिकवून झाली होती, म्हणजे तिच्या डोक्यावरून गेली होती. पण बाबांचा चेहरा बघवेना, म्हणून तिने जाहीर करून टाकलं की बाबा निर्दोष आहेत हे ती गणिताने दाखवेल, सगळ्यांसमोर. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. आधी घरी करून बघायची बुद्धीही बाईंना झाली नाही.

रविवारी हॉलमधल्या फळ्यावर तिने आकडे मांडले. सोसायटीच्या ग्रुपवर विजेत्यांचे जुने फोटो होतेच. एकूण चोवीस फुल हाउस, त्यातली ए विंगला सतरा, बी विंगला सात. विंगा दोन, तेव्हा अपेक्षित बारा-बारा. प्रत्यक्षातून अपेक्षित वजा करायचं, वर्ग करायचा, अपेक्षिताने भागायचं आणि दोन्हींची बेरीज. ती आली चार पूर्णांक सतरा शतांश. पुस्तकातली मर्यादा तीन पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश. नुसत्या नशिबाने एवढा फरक शंभरात पाच वेळाही पडत नाही, हे ती मोठ्याने बोलून गेली आणि मग तिला त्याचा अर्थ लागला.

बी विंगने टाळ्या पिटल्या. राणे इतके हादरले की त्यांच्या तोंडून थेट मालवणी बाहेर पडली.

“चेडवा, तू माझ्या बाजूक आसस की त्यांच्या?”

श्रुतिकाला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

जिंकल्याच्या भरात समीक्षाताईंना आणखी एक टोला हाणायचा होता. “आणि आम्ही हावरट नाही हां. आमच्यात घरटी एकच तिकीट. यांच्यात बघा, प्रत्येक घरात दोन-दोन.”

श्रुतिकाने मान वर केली. नेहमीच असं असतं का, तिने विचारलं. पहिल्यापासून, ताई अभिमानाने म्हणाल्या, कोणालाही विचार. दोन्ही विंगांत घरं तर सारखीच होती.

तिने बारा-बारा पुसून टाकले. तिकिटं दुप्पट, तर बक्षिसंही दुप्पट अपेक्षित. म्हणजे सोळा आणि आठ. पुन्हा वजाबाकी, पुन्हा वर्ग, पुन्हा भागाकार. बेरीज पावसुद्धा भरेना. तिला हसू आवरेना. अपेक्षित म्हणजे समसमान वाटणी नव्हे, नशीब एकटंच वाढायला आलं तर प्रत्येकाच्या पानात जेवढं पडेल तेवढं. जे कॉलेजातल्या सरांना महिनाभर जमलं नव्हतं ते ताईंनी एका टोमण्यात शिकवलं होतं, आणि तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

“यावरून बाबा साव आहेत असं सिद्ध होत नाही,” ती म्हणाली, “पण चोर म्हणायला आधारही उरत नाही.”

बी विंगचे अर्धे लोक उठून तिकिटांच्या टेबलाकडे धावले. राण्यांनी नाक शिंकरलं, माइक घेतला आणि खेळ सुरू झाला.

श्रुतिकाच्या तिकिटावर शेवटी एकच आकडा उरला. अठ्ठेचाळीस. राण्यांनी पिशवीत हात घातला आणि पुकारलं, “अठ्ठेचाळीस.”  ए विंग, त्यात पुकारणाऱ्याची लेक. आकडा गिळून टाकावा का? पण गप्प बसणं म्हणजे स्वतःच केलेल्या हिशेबावर विश्वास नसणं. नशीब पुकारणाऱ्याच्या घराला वगळत नाही. ती खुर्चीवर चढली आणि “फुल हाउस” म्हणून अशी ओरडली की बाबांच्या हातातून पिशवीच पडली.

 समीक्षाताई उठल्या, फळ्यापाशी गेल्या. त्यांनी सतरा पुसून अठरा लिहिले आणि मार्कर श्रुतिकापुढे धरला.

“कर गं परत,” त्या म्हणाल्या. “आणि हळू कर, मलापण शिकायचंय.”