कौशल्याबाई बसल्या तो बाक

मित्रांनो, मी एक बाक आहे आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. बिचारा मात्र म्हणू नका. ते मला कधीच जमले नाही.

बोथ्याच्या जंगलातले सागवान आणि चिखलीच्या निजाम मिस्त्रींचे हात यांतून माझा जन्म झाला. मिस्त्रींनी मला तासले, रंधा मारला आणि शेवटचा खिळा ठोकून स्वतःच माझ्यावर मांडी घालून बसले. "बस, पक्का झाला," एवढेच ते म्हणाले. मग एका शिक्षण संस्थेने मला विकत घेतले आणि आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात ठेवले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षे झाली होती.

कचेरीत ज्यांचे काम अडलेले असे ते सगळे माझ्यावर बसत. फी माफ करून घ्यायला आलेले बाप बसत, बदलीसाठी आलेले मास्तर बसत. पाठ टेकून जो तो म्हणे, "बाक मोठा ऐसपैस आहे हो." मी फुगून जात असे. पण खरे सांगतो, माझे आयुष्य सार्थकी लागले ते कौशल्याबाईंमुळे.

कौशल्याबाई संस्थेच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. माहेर मोताळ्याचे, शिक्षण नागपूरचे. त्या काळी एवढा पगार घेणारी बाई आमच्या गावात दुसरी नव्हती. मी व्हरांड्यात आलो त्याच्या पुढच्या वैशाखात त्यांचे लग्न झाले. नवरा नारायणराव हा अमडापूरचा. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. हात सुंदर, पण काम कधी असे, कधी नसे.

आता जरा पैशाची गोष्ट ऐका, कारण सगळे भांडण तिच्यावरून झाले. ज्यांचा पगार बरा असे त्यांना सरकारला आयकर द्यावा लागे. तो दर महिन्याला पगारातूनच कापला जाई. तेव्हाच्या नियमाने अविवाहित माणसाला कर जास्त आणि विवाहिताला थोडा कमी असे. म्हणून लग्न झाले की कचेरीत कळवायचे, म्हणजे कपात कमी होई.

कौशल्याबाईंनी लग्नानंतर लगेच कळवले. त्याच हंगामात मुलांच्या शाळेच्या हेडमास्तरांचेही लग्न झाले होते. त्यांनीही कळवले. पुढच्या पगाराच्या दिवशी दोघे माझ्यावर बसून बोलत होते, तेव्हा बाईंना कळले की हेडमास्तरांची कपात कमी झाली आणि त्यांची होती तेवढीच राहिली. त्या तडक आत गेल्या. आत हेडक्लार्क उकंडराव बसले होते.

"उकंडराव, माझं लग्न झालंय. तुम्ही पंगतीत जेवून गेलात."

"जेवलो ना बाई, बुंदी झकास होती," उकंडराव म्हणाले. "पण कागदावर विवाहित म्हणजे ज्याच्या पदरी बायको आहे तो. तुमच्या पदरी कोण आहे?"

"नवरा."

सगळी कचेरी हसली. उकंडराव तर डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "मंग असं करा, नवऱ्याले घेऊन या. त्यानं इथं सगळ्यायसमोर सांगावं की मी बायकोच्या पगारावर जेवतो. तुमची कपात लगेच कमी करतो."

त्यांची खात्री होती की कोणताही नवरा हे सांगायला येणार नाही. बाईंनाही तसेच वाटले असावे. त्या बाहेर आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या माझ्यावर बसल्या आणि दाराकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "कपात दुरुस्त होईपर्यंत मी पगार घेणार नाही. आणि शाळा सुटली की रोज इथंच येऊन बसेन."

तसेच झाले. शाळा सुटली की बाई यायच्या आणि कचेरीला कुलूप लागेपर्यंत माझ्यावर बसायच्या. लोक येता-जाता बघायचे. काही कुजबुजायचे, "चार रुपयांसाठी बाई दारात बसली." एकदा संस्थेचे सेक्रेटरी थांबले आणि म्हणाले, "बाई, हे मुख्याध्यापिकेला शोभत नाही."

"उभं राहिलं की पाय दुखतात, साहेब," बाई म्हणाल्या. "म्हणून बसलेय."

कचेरी झाडणाऱ्या सुभद्राबाई त्यांना पाण्याचा तांब्या आणून देत. एके दिवशी त्यांनी विचारले, "बाई, मालकाले काऊन नाही सांगत? एका बोलानं काम होते."

"नको," बाई हळू बोलल्या. "साऱ्या बाजारात त्यांचं नाव आहे. माझ्या हक्कासाठी त्यांनी मान खाली का घालावी?"

सुभद्राबाईंनी मान डोलावली आणि संध्याकाळी सरळ जाऊन नारायणरावाला सगळे सांगून टाकले.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. व्हरांडा माणसांनी भरला होता. नारायणराव आला तो कामावरूनच, कोपरापर्यंत निळा रंग माखलेला. तो आधी बाईंच्या शेजारी बसला.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुम्हाला कमीपणा येईल म्हणून."

नारायणरावाने हाताचा रंग फडक्याला पुसला. मग म्हणाला, "घरी दूध तुझ्या पगारातून येते. ते पेताना मले कमीपणा नाही वाटत. सांगताना काऊन वाटंन?"

तो उठला आणि कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"उकंडराव, ऐका. बाकीचेही ऐका. कर लागंन एवढी कमाई माझ्या ब्रशावर होत नाही. माझं घर बायकोच्या पगारावर चालते. मी तिच्या पदरी आहो. हे लिहून घेता, की मोठ्या अक्षरात पाटी रंगवून तुमच्या दारावर लावू?"

या वेळीही लोक हसले, पण हसले ते उकंडरावांना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा ताठ बसल्या.

गर्दी पाहून सेक्रेटरी बाहेर आले. त्यांनी संस्थेच्या वकिलांना बोलावले. वकिलांनी नियम वाचला आणि सांगितले, "इथं 'विवाहित व्यक्ती' असं लिहिलंय. ती व्यक्ती पुरुषच असावी, असं कुठंच नाही." बाईंची कपात त्याच दिवशी दुरुस्त झाली आणि जास्तीचे कापलेले पैसे पुढच्या कपातीतून वळते करायचे ठरले.

उकंडरावांनी जाता जाता एक प्रयत्न केला. "बरं, बाई. वर्षाचं कराचं विवरणपत्र तरी मालकाच्या नावानं भरा. घरात मालक असताना कागदावर बाईचं नाव बरं दिसत नाही."

"पगार माझा, कर माझा, सही माझी," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी पगाराच्या कागदावर सही केली आणि दोघे नवरा-बायको बाजारातून वांगी घेऊन घरी गेले.

त्याची शिक्षा मला झाली. "बाक असला की बाया बसतात," असे म्हणून उकंडरावांनी मला व्हरांड्यातून उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकले. तिथे माझ्यावर फुटक्या घागरी रचल्या. उंदरांनी कड कुरतडली, पावसाने एक पाय कुजवला. पुढे बऱ्याच वर्षांनी नवे साहेब आले, त्यांना मी ठाऊकच नव्हतो. आता नवी इमारत होणार म्हणून शेड मोडायची आहे. परवा दोन माणसे माझे भंगारात किती पैसे मिळतील ते बघून गेली. एकाने लाथ मारून पाहिली. त्याचाच अंगठा सुजला!

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. घ्या जरूर. पण मला काचेच्या दालनात ठेवू नका आणि माझी कीवही करू नका. माझे बाकीचे तीन पाय अजून भक्कम आहेत. चौथ्याला सागाचा एक तुकडा जोडा, चार खिळे ठोका आणि मला उचलून पुन्हा कचेरीच्या दारासमोर ठेवा.

तिथे माणसे अजून उभीच आहेत.