नमुन्यांची शेड

कारखाना बंद पडल्यावर वेतुरियाला पुन्हा त्याच फाटकातून आत जायचं काम मिळालं, पण उलटं. सव्वीस वर्षं तिनं इथं फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे सांगाडे वेल्डिंगनं जोडले होते. आता भंगारवाल्या ठेकेदारासाठी गॅस कटरनं सगळं कापायचं. कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याच्या त्या गावात दुसरं काम नव्हतंच.

मार्चमध्ये एका सकाळी मुकादम जेलू म्हणाला, "आज नमुन्यांची शेड."

त्या शेडमध्ये प्रत्येक मॉडेलची एकेक गाडी जपून ठेवलेली होती. रांगेत पहिली होती सत्तावन्न सालची, कापडी टपाची. तिचा पत्रा ठोकणाऱ्यांत वेतुरियाचे वडील, इलारिये, होते.

"हिला हात लावायच्या आधी बाबांना बोलावते," ती म्हणाली.

"म्हातारा रडत बसेल."

"ते रडत नाहीत. शिव्या घालतात."

एक्क्याऐंशी वर्षांचा इलारिये काठी टेकत आला. पत्रा ठोकून ठोकून त्याचा उजवा कान कधीच गेला होता, म्हणून वेतुरिया डाव्या बाजूनं चालत होती. तो रांगेच्या शेवटाकडून निघाला. डिझेलवालीकडे त्यानं पाहिलंही नाही. तिच्या अलीकडे बंद टपाची, मऊ स्प्रिंगांची गाडी होती.

"ही आफ्रिकेपर्यंत विकली गेली. हिच्यात हीटर आला, तेव्हा आम्ही म्हटलं, आता ड्रायव्हर लाडावणार."

दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपाशी तो थांबला. "इथून पत्रा साच्यात दाबायला लागले. सगळी दारं सारखी. माझा हातोडा इथंच संपला, पगार तेवढा चालू राहिला."

मग त्यानं पहिलीच्या दारावर तळहात ठेवला.

"बीच लाकडाच्या ठोकळ्यावर सात जणांनी ठोकलीय. हिचं दार दुसऱ्या कुठल्याच गाडीला बसायचं नाही."

"दार घरी न्यायचं?" वेतुरियानं विचारलं.

त्यानं काठी काखेत मारली. तिनं बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दोघांनी दार उचलून फाटकापर्यंत आणलं. फाटकावर पहाऱ्याला वालेर होता, पूर्वी रंगकामाला असलेला.

"उस्ताद, माफ करा," तो खाली बघत म्हणाला. "वर कॅमेरा आहे. माझ्या पोटावर पाय येईल."

"बरोबर आहे तुझं," इलारिये म्हणाला. त्यानं स्वतःच दार भिंतीला टेकवून ठेवलं. मग लेकीकडे वळला. "तूच काप. दुसऱ्याला देऊ नकोस. आणि जोडावरून काप, पत्रा फाडू नकोस."

बाकीच्या गाड्या अर्ध्या अर्ध्या तासात आडव्या झाल्या. पहिलीला वेतुरियानं पाळी संपेपर्यंत वेळ घेतला. जेलू दोनदा येऊन शिव्या देऊन गेला. तिनं एकेक जोड सोडवला, पत्रे नीट एकावर एक रचले. मग क्रेनचा पंजा आला आणि त्यानं सगळं एका मुठीत चुरगाळून ट्रकमध्ये टाकलं, फाटकावरून परत आणलेल्या दारासकट. इलारियेनं ते उभं राहून पाहिलं. घरी जाताना चढावर तिनं त्याचा हात धरला. एरवी तो झटकायचा, त्या दिवशी त्यानं राहू दिला.

मेमध्ये कापायलाही काही उरलं नाही. गावातल्या अर्ध्या बायकांसारखी वेतुरिया इटलीला गेली, एका परक्या म्हातारीला न्हाऊमाखू घालायला. दर रविवारी ती फोन करायची. फोनवर इलारियेला नीट ऐकू यायचं नाही. तो "मी जेवलोय" एवढंच सांगायचा.

ऑगस्टमध्ये शेजारणीचा फोन आला. बसनं दोन दिवस लागतात. ती पोचली तेव्हा इलारियेला पुरून झालं होतं.